ओळंबा न धरलेले वास्तुविशारद

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नाझरेथकर प्रभू येशूचा उल्लेख ज्या शब्दाने करतात, तो मूळ ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ असा आहे. आपण त्याचे भाषांतर ‘सुतार’ असे करतो. परंतु हाताने घडवणारा, बांधणारा कारागीर असा त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. याच शब्दामागे ‘आर्खी’, म्हणजे मुख्य, हे पद जोडले की ‘आर्खितेक्तोन’ होतो आणि त्यातूनच ‘आर्किटेक्ट’ हा शब्द जगभर गेला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात संत पौल पाया घालणाऱ्या कुशल बांधकाऱ्याची उपमा स्वतःला देतो, तेथेही मूळ शब्द हाच आहे. तेव्हा शब्दाचे मूळ पाहता वास्तुविशारद हा कारागिरांमधलाच ज्येष्ठ ठरतो. आमची तक्रार नेमकी येथून सुरू होते. आम्ही ज्या महाविद्यालयांत वास्तुकला शिकतो, तेथे ‘आर्खी’ तेवढा शिकवला जातो. ‘तेक्तोन’ मात्र पाच वर्षे दाराबाहेर उभा असतो.

आम्ही म्हणजे वसई-विरार पट्ट्यातून दररोज लोकल गाडीने मुंबई आणि उपनगरांतील महाविद्यालयांत जाणारी, आपल्याच समाजातली मुलेमुली. काहींचे शिक्षण सुरू आहे, काही नुकतेच बाहेर पडले आहेत. कोणत्या महाविद्यालयात काय घडले याची नावानिशी यादी आम्ही येथे देणार नाही. ज्याला या विद्येचा थोडाही परिचय आहे, त्याला आमचे वर्णन वाचताच आपले महाविद्यालय ओळखू येईल. आणि प्रत्येकाला ते निराळे महाविद्यालय वाटेल, हेच या दुखण्याचे खरे स्वरूप आहे.

पहिल्या वर्षी आम्हाला रेषा काढायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी त्या रेषांना ‘संकल्पना’ जोडायला शिकवतात. तिसऱ्या वर्षापासून संगणकावर असे चित्र तयार करायला लावतात, की त्यात आकाश नेहमी निळे असते, झाडे परदेशातली असतात आणि माणसे पारदर्शक असतात. इमारत कोणत्या मातीवर उभी राहणार, तिच्या जोत्याला पावसाळ्यात किती पाणी लागणार, पश्चिमेचा पाऊस कोणत्या खिडकीतून आत शिरणार, भिंतीवरचा गिलावा किती वर्षे टिकणार, हे प्रश्न कुणी विचारलेच तर ‘ते पुढे कामावर शिकाल’ असे उत्तर मिळते. पुढे म्हणजे केव्हा? अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी काही महिने राखलेले असतात. ते महिने बहुतेकांचे एखाद्या कार्यालयातील संगणकापुढे, दुसऱ्याने ठरवलेल्या शौचालयाच्या फरशांचे नकाशे गिरवण्यात जातात. पाच वर्षे संपतात आणि ओळंबा, गुण्या, पाणसळ ही नावे गवंड्याच्या तोंडून प्रथमच ऐकणारा पदवीधर बांधकामावर जाऊन उभा राहतो. गवंडी त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि पाठ वळताच हसतो. आम्हाला त्या हसण्याचा राग येत नाही. ते हसणे न्यायाचे आहे.

या शिक्षणाचा कणा म्हणजे ‘जुरी’. विद्यार्थ्याने आपले नकाशे भिंतीवर लावावेत आणि परीक्षकांच्या मंडळापुढे त्यांचे समर्थन करावे, अशी ही पद्धत. मुळात कल्पना वाईट नाही. आपले काम चारचौघांत मांडणे व टीका ऐकणे हे कोणत्याही कलेच्या साधकाला हिताचेच. पण प्रत्यक्षात काय होते? निकष लेखी नसतात. सकाळच्या परीक्षकाने ज्याची स्तुती केली, त्याचीच दुपारचा परीक्षक टर उडवतो. शीट फाडले जाते, मॉडेल मोडले जाते, मुलीला रडू आल्यावर ‘एवढ्यातच रडलात तर या व्यवसायात कशा टिकाल?’ असे विचारले जाते. आणि सर्वांत मोठा अन्याय भाषेचा. मराठी माध्यमातून आलेला मुलगा आपली इमारत उत्तम जाणतो, पण इंग्रजीत दोन वाक्ये बोलताना अडखळतो. दुसरा एखादा कच्च्या कामावर जड शब्दांचा रंग चढवून सुटून जातो. येथे परीक्षा वास्तूची असते की वक्तृत्वाची? जी इमारत उभी राहिल्यावर तिच्या दाराशी तिचा रचनाकार समर्थनाला उभा नसणार, तिचे गुण जिभेवर का ठरावेत?

ही परंपरा आहे, ती अशीच चालत आली आहे, असे आम्हाला सांगितले जाते. पण परंपरा सांगणाऱ्यांनी ती नीट तपासलेली नाही. आज आमच्यावर लादलेल्या अनेक चालींचे मूळ पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाविद्यालयात आहे. तेथे मुदत संपताच विद्यार्थ्यांचे नकाशे गोळा करायला हातगाडी फिरे. गाडी चालू असतानाही काही जण नकाशांवर अखेरचे हात फिरवत. त्या गाडीच्या फ्रेंच नावावरूनच ‘शारेत’ हा शब्द घाईच्या अखेरच्या कामासाठी आजही या व्यवसायात रूढ आहे. ज्या संस्थेची ही रीत, त्या संस्थेतला वास्तुकलेचा विभाग १९६८च्या विद्यार्थी आंदोलनानंतर फ्रेंच सरकारने मोडीत काढला. पॅरिसने गाडी सोडली. आम्ही मात्र अजून तिच्यामागे धावतो आहोत.

जागरणाची गोष्टही तशीच. सबमिशनच्या आधी तीन-तीन रात्री न झोपणे हे आमच्याकडे शौर्य समजले जाते. अमेरिकेत झोपेविना काम करून घरी निघालेल्या एका विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थी संघटनेने एक कृतिगट नेमला आणि २००२ मध्ये स्टुडिओतील संस्कृती बदलण्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, कॅथरीन अँथनी या प्राध्यापिकेने जुरीच्या पद्धतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा ग्रंथ लिहिला होता. त्या देशात निदान प्रश्न तरी विचारला गेला. आमच्याकडे सोमवारी सकाळचे सबमिशन म्हणजे रविवारची मिस्सा चुकणे, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की घरची माणसेही आता विचारत नाहीत. सातव्या दिवसाची विश्रांती ही आळशांची सोय नाही. माणूस यंत्र नाही, याची ती आठवण आहे. ज्याने माणसांसाठी घरे रचायची, त्यालाच ही आठवण नाकारली जावी, याला काय म्हणावे?

‘तुम्हाला काय गवंडी व्हायचे आहे? मग तंत्रनिकेतनात जायचे होते,’ हा टोमणा आम्ही वारंवार ऐकला आहे. त्याचे उत्तर आम्ही इतिहासाच्या आधारे देऊ. वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही संस्था काढली, तेव्हा त्यांची पहिली हाक कलावंतांनी हस्तव्यवसायाकडे परतावे हीच होती. तेथे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक हस्तकौशल्याचा. आधुनिक वास्तुकलेचे जे देव्हारे आमच्या महाविद्यालयांत मांडलेले आहेत, त्यांतला हा एक प्रमुख देव. त्याची पूजा करणाऱ्यांनी त्याची कार्यशाळा मात्र घरी आणली नाही.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. बर्मिंगहॅममध्ये शिकलेले लॉरी बेकर भारतात आले ते कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी. पिथोरागढच्या डोंगराळ भागात राहताना त्यांच्या ध्यानी आले, की आपल्याजवळच्या विद्येपेक्षा तेथल्या गावकऱ्यांची बांधण्याची रीत त्या हवेला आणि त्या गरिबीला अधिक साजेशी आहे. पुढे केरळात त्यांनी आयुष्यभर गवंड्यांच्या बरोबरीने, बांधकामावर उभे राहून काम केले. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत त्यांनी रूढ केली. तिच्यात सुमारे चौथाई विटा वाचतात आणि पोकळीमुळे घरात उष्णता कमी शिरते. तिरुवनंतपुरम येथील लोयोला संस्थेचे चॅपेल हे त्यांचेच काम. बेकर २००७ मध्ये निवर्तले. त्यांची छायाचित्रे आम्हाला पडद्यावर दाखवतात. पण त्यांच्या पद्धतीची दहा फूट भिंत आमच्याकडून कुणी बांधून घेतलेली नाही.

दुसरे उदाहरण तर आमच्या रोजच्या वाटेवरचे. दादरला ज्याला सारे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखतात, ते साल्व्हासाव चर्च सत्तरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नव्याने उभारले. एका मोठ्या बंद सभागृहाऐवजी त्यांनी अंगणे आणि काँक्रीटच्या उंच निमुळत्या छतांखालच्या जागा यांची मालिका रचली. तापलेली हवा वर चढते आणि छताच्या माथ्यातून बाहेर पडते. भक्तजन उघड्या अंगणातून आडोशाखाली आणि पुन्हा अंगणात येतात. मुंबईच्या दमट हवेत भक्ती कशी करावी, याचा तो दगडामातीइतकाच ठोस धडा आहे. आम्हांपैकी कित्येकांना या वास्तूचा आराखडा परीक्षेपुरता पाठ होता. तेथे भर दुपारी तासभर बसून हवा कोठून येते व कोठे जाते हे अनुभवा, असे सांगणारा शिक्षक क्वचितच भेटला.

इतिहासाच्या तासाचे तर विचारूच नये. सर बॅनिस्टर फ्लेचर यांच्या ज्या प्रसिद्ध ग्रंथावर शिक्षकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्याच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय वास्तुकलेची गणना ‘अनैतिहासिक’ शैलींत केली होती. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या सुधारल्या, आमच्या वर्गातली दृष्टी तितकीशी सुधारली नाही. पॅरिसच्या नोत्र दामच्या बाह्य आधार-कमानी आम्ही न चुकता काढू शकतो. पण वसईच्या किल्ल्यात जेझुइट, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन व्रतस्थांच्या चर्चचे जे अवशेष उभे आहेत, ज्यांच्या फरशीत कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा आहेत, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या स्वारीने ज्यांचा एक कालखंड संपवला, त्यांच्या भिंतींची जाडी आमच्या कोणत्याही वर्गाने मोजली नाही. असे नेहमीच होते असेही नाही. मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत क्लॉड बॅटली १९२३ पासून वीस वर्षे वास्तुकलेच्या शिक्षणाची धुरा वाहत होते. ते विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन रेखाटने करायला लावत. एका इंग्रज गुरूला जे सुचले, ते आमच्या स्वतंत्र देशातील शेकडो महाविद्यालयांपैकी किती जणांना सुचते?

हा केवळ विद्यार्थ्यांचा गाऱ्हाण्यांचा पाढा असता, तर आम्ही तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडला नसता. पण या शिक्षणाची किंमत आपला समाज मोजतो आहे. आपल्या गावातली कौलारू घरे पाहा. ओटी, पडवी, माजघर, वर माडी. आढ्यावरून दोन्हीकडे उतरणारे पाखे, भिंतीपासून हातभर पुढे आलेली वळचण. ती वळचण काही शोभेसाठी नव्हती; पाऊस भिंतीला लागू नये आणि उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून होती. आज त्या जागी सपाट छताची, काचेची तावदाने लावलेली घरे उभी राहत आहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडतात. जुन्या चुन्याच्या भिंतीला ‘मजबुती’ म्हणून वरून सिमेंटचा गिलावा देतात. चुन्याच्या भिंतीतून जो ओलावा सहज बाहेर पडत असे, तो आता आत कोंडतो. भिंतीला मिठाचे पांढरे फूल येते आणि दोनचार पावसाळ्यांत गिलावा सुटतो. मग चर्चच्या बाबतीतही ‘इमारत जुनी झाली, पाडून नवी बांधू’ असा ठराव होतो. त्या सभेत आपल्याच धर्मग्रामातील एखादा वास्तुविशारद बसलेला असतो. तो गप्प राहतो. भित्रा आहे म्हणून नव्हे, तर चुना म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

तीच गत बावखलांची. आपल्या वाडवडिलांनी वाड्यांमध्ये खोदलेली ही तळी पावसाचे पाणी साठवत, जमिनीत मुरवत आणि समुद्राजवळच्या या पट्ट्यात विहिरींचे पाणी गोडे राखत. केळी, फुले आणि भाजी त्यांच्यावर पिकत असे. एकामागून एक बावखले बुजली आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०१८च्या पावसात वसई दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. त्याची कारणे अनेक होती, पण पाण्याची जागा पाण्याला न ठेवणे हे त्यांतले एक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत अंगावर संकटे ओढवून घेतली, ती याच मातीसाठी आणि पाण्यासाठी. २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले. त्यांनी ज्यासाठी झुंज दिली ते सांभाळण्याचे तांत्रिक ज्ञान ज्यांच्याकडे असायला हवे, त्या आम्हाला महाविद्यालयात ‘साइट’ म्हणून देतात तो एक कोरा चौकोन. त्यावर उत्तरदिशा दाखवणारा बाण असतो. विहीर, बावखल, शेजाऱ्याचे घर, पायवाट यांतले काहीही नसते. कोऱ्या चौकोनावर पाच वर्षे रचना करणाऱ्याला पुढे खरी जमीनही कोरीच दिसू लागली, तर दोष एकट्या त्याचा कसा?

आमच्याविरुद्ध दोन मुद्दे नेहमी मांडले जातात. पहिला असा, की आजची मुले आळशी, सारे आयते मागणारी. असतीलही काही, पण आळशांनी तीन रात्री जागून काढल्या नसत्या. आमची हरकत कष्टांना नाही. कष्ट ज्या दिशेने जातात, तिला आहे. दुसरा मुद्दा गंभीर आहे. चांगले शिक्षक मिळत नाहीत, वेळ अपुरा आहे, बांधकामावर विद्यार्थी नेणे धोक्याचे आहे, परिषदेचे नियम आड येतात, असे प्रामाणिक शिक्षकही सांगतात. असे शिक्षक आहेत. आपल्या पदरचे भाडे खर्चून मुलांना गाव दाखवायला नेणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण नियमांची ढाल फार काळ पुरणार नाही. १९७२च्या कायद्याने ‘वास्तुविशारद’ या नावाला संरक्षण दिले. ते संरक्षण त्या नावापुरते आहे, इमारतीची रचना करण्याचे काम इतरांना वर्ज्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नाव कायद्याने मिळेल. काम मात्र ज्याला येते त्याच्याकडेच लोक जातील. मग पाच वर्षे आणि आईबापांची पुंजी खर्चून आम्ही कमावले ते काय, याचे उत्तर महाविद्यालयांना द्यावेच लागेल.

आमचे मागणे अवाजवी नाही. पहिल्या वर्षातले निदान काही आठवडे विद्यार्थ्याने गवंडी, सुतार आणि पाथरवट यांच्या हाताखाली काढावेत आणि त्या कारागिरांना मानाने, मानधन देऊन महाविद्यालयात शिकवायला बोलवावे. जुरीचे निकष आधी लिहून द्यावेत, टीका लेखी द्यावी आणि मराठीत बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे मराठीत ऐकावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातली एक जुनी वास्तू मोजून काढावी आणि तिच्या तुळईपासून वळचणीपर्यंत प्रत्येक भागाचे आपल्या बोलीतले नाव नकाशावर लिहावे.

काही मागणे महाविद्यालयांकडे नसून आपल्या ख्रिस्तसभेकडे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीवरील जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात धर्मगुरूपदाच्या विद्यार्थ्यांना पवित्र कलेचा इतिहास शिकवावा आणि कलावंतांच्या शिक्षणासाठी शाळा काढाव्यात असे स्पष्ट सुचवले आहे. साठ वर्षे उलटून गेली. निदान एवढे तरी व्हावे, की कोणत्याही धर्मग्रामाने जुने चर्च, जुनी शाळा किंवा जुना क्रूस हलवण्यापूर्वी आपल्या मुलांना तेथे मोजपट्टी घेऊन महिनाभर येऊ द्यावे. पाडायचे की राखायचे हा निर्णय मग सर्वांनी घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून.

निर्गमच्या ग्रंथात परमेश्वराचा निवासमंडप उभारण्यासाठी बसालेलची निवड होते. त्याला सोने, रुपे, पाषाण आणि लाकूड घडवण्याची बुद्धी लाभते. आणि त्याच ग्रंथाचा पस्तिसावा अध्याय सांगतो, की त्याला व त्याचा सहकारी अहलियाब याला दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी देण्यात आली. घडवता येणारे हात आणि शिकवता येणारे मन एकाच माणसात असावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे. आमच्या महाविद्यालयांनी ही दोन वेगळी केली, आणि आपण सर्वांनी ते मुकाट्याने चालू दिले. येत्या जून महिन्यात आपल्या गावांतून आणखी काही मुले वास्तुकलेच्या प्रवेशासाठी अर्ज भरतील. त्यांच्या आईबापांनी महाविद्यालयाच्या दारात शुल्क आणि वसतिगृह यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: आमच्या मुलाच्या हाती तुम्ही ओळंबा केव्हा देणार?